नवे डाग नाहीत

मंगळसूत्र, जोडवी, केसातली पिन
प्लॅस्टिकच्या ताटलीत ठेवली.
दक्षेश म्हणाला, "बेन, हलवानुं नहीं हों."
मी मराठीत हलले नाही.

मग यंत्रानं ठोकायला घेतलं.
मदनझांपा रोडवर आमचे भाऊ
जळक्या मोटारी भरून द्यायचे,
जुनी गुंडाळी छिन्नीनं ठोकून काढायचे,
अगदी तसंच. थांबून. पुन्हा. दुसऱ्याच तालात.
तारेवरचं वार्निश उडालं ना, भाऊ म्हणायचे,
की तांबं शाबूत असतं पोरी,
पण वीज वाटेत गप्पा मारत बसते.
चाळीस मिनिटं मी त्या दुकानात होते,
फक्त वार्निशचा वास नव्हता.

चाचणीची खोली वरच्या मजल्यावर.
निराली दर तीन सेकंदांनी एक आकडा म्हणते,
आपण तो फक्त आधीच्यात मिळवायचा.
सात. त्रण.
दहा, मी म्हणाले.
बे.
आणि मी थेट तिसरीच्या वर्गात,
बे एके बे, बे दुणे चार,
बे त्रिक सहा म्हणेपर्यंत
तिचे चार आकडे पुढे निघून गेले,
स्टँडवरून बस सुटावी तसे.
अठरा वर्षं मी बँकेच्या खिडकीत नोटा मोजल्या.
बंडलात एक कमी असली
तर बोटांना आधी कळायचं, मला मागून.
हे निरालीला सांगावंसं वाटलं.
तिच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर चढवली.
राखाडी पाण्यात पांढरे ठिपके.
दुसऱ्या गावच्या माणसाला तिथं काय दिसत असेल कोण जाणे,
मला काळाघोड्याच्या पुलावरून विश्वामित्री दिसली.
कठड्याला पोट टेकून लोक मगरी मोजत असतात,
ती एक, ती दुसरी, ती नव्हे रे, ती फांदी,
आणि नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर.
दिसतात तेवढ्याच असतात
असं बडोद्यात कुणी मानत नाही.

"मागच्या वर्षीइतकेच," डॉक्टर म्हणाले, "नवे डाग नाहीत."
मी विचारलं, मग पासबुकावरचा माझाच नंबर
मला परका का वाटतो?
दुधाचे पैसे मी दोनदा का देते?
ते म्हणाले, चित्रात सगळंच येत नाही.
इतकं खरं बोलणारा डॉक्टर मला आवडला
आणि त्या दिवशी तो मला नको होता.

हेरंबनं रावपुऱ्यातून पेढे घेतले.
घरी आल्यावर मी चहा टाकला.
उकळला. ओतायला घेतला, आणि
ती वस्तू.
जाळीची, दांड्याची, जिच्यात चोथा राहतो ती.
हातात होती. नाव नव्हतं.
"गरणी" आलं, गुजराती,
शेजारीण येते तसं, न बोलावता, चपला न काढता.
पण माझं, आईच्या ओट्यावरचं, ते येईना.
पातेल्यात चहा काळा होत गेला.
"अगं, असं माझंही होतं. सगळ्यांचंच होतं."
हेरंब हे मायेनं म्हणतो,
म्हणून रागावताही येत नाही नीट.

तो झोपल्यावर मी फिल्म पाकिटातून काढली,
ट्यूबलाइटसमोर धरली.
वीस चौकोन. डोळ्यांच्या खोबणी, नाकाचं हाड,
कोपऱ्यात माझं नाव आणि वय, एकेचाळीस.
तो शब्द जिथं असायचा ती जागा
कुठल्याही चौकोनात रिकामी दिसली नाही.

पावणेतीनला, कूस बदलता बदलता,
"गाळणी!"
मी मोठ्यांदा म्हणाले.
हेरंब दचकून उठला, काय गळतंय?
अंधारातच चाचपडत स्वयंपाकघरात गेला,
नळ घट्ट पिळल्याचा आवाज आला.
परत येऊन म्हणाला, बंद केला, झोप आता.
मी हो म्हणाले.
गाळणी, गाळणी, गाळणी,
उशीत तोंड घालून, दर तीन सेकंदांनी.