आपापल्या वेगानं

नैवाशा सरोवरावरून रात्री वारा येतो
पाणघोड्यांच्या चिखलाचा वास घेऊन,
तेव्हा आमच्या पत्र्याच्या खोलीत
केरुबो मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बसते.
इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं माझ्या.
"झोप येईपर्यंत तरी ऐक," म्हणते.

मी मोटरसायकलवरून माणसं पोचवतो.
रोजच्या दोन फेऱ्यांचे पैसे या डेटात जातात.
धडा तिसरा, संघाची बांधणी.
धडा चौथा, काम वाटून देणं.
मास्तर कुठल्या देशाचा कोण जाणे,
त्याच्या मागं पांढरी भिंत आणि एक कुंडी,
कुंडीतल्या झाडाला एकही काटा नाही.
घाई करू नका, तो सांगतो,
हा अभ्यासक्रम आपापल्या वेगानं करायचा आहे.
केरुबो मान हलवते.

गुलाबाला हे कुणी सांगितलेलं नाही.
फेब्रुवारीत तो रातोरात तोंड उघडायला लागतो
आणि उघड्या तोंडाचा गुलाब विमानात घेत नाहीत.
फळ्यावर खडूनं प्रत्येकीचा आकडा,
तासाला किती देठ सोलले त्याचा,
आणि जानेवारीपासून खडू केरुबोच्या हातात.
परवापर्यंत ज्यांच्यात बसून उगाली खाल्ली
त्या ती आली की डब्यांची झाकणं लावतात.

न्याबोके, खालून पहिली.
हिनंच केरुबोला काटे काढायला शिकवलं होतं,
चिमटा असा फिरव, देठाला कळू न देता.

धडा सहावा, अवघड संभाषण.
आधी कौतुक, मग उणीव, मग परत कौतुक,
पावाच्या दोन कापांत मिरची लपवावी तसं.
खाली प्रश्न, चार पर्याय.
केरुबोनं 'ब' दाबलं. चूक. पुन्हा प्रयत्न करा.
'ड' दाबलं. चूक.
"यात न्याबोके कुठंच नाही," ती म्हणाली
आणि धडा तिथंच थांबवला.
मास्तरचं तोंड अर्धं उघडं राहिलं.

दुसऱ्या रात्री शिफ्ट दहाला सुटली.
केरुबोला अहवाल लिहायचे होते,
माझ्या मागं न्याबोके बसली.
एरवी वाटभर बोलते. करागिताच्या वळणापर्यंत गप्प.
मग हेल्मेटमधून आवाज आला,
"तुझ्या बायकोनं आज फळ्यावरची माझी ओळ पुसली."
मी वेग कमी केला.
"मग माझा हात घेतला आणि बोट दाबलं. मी किंचाळले.
काटा तीन आठवडे आत होता. मीच दडवला होता.
दवाखान्याची चिठ्ठी दिली,
सोमवारपासून मोजपट्टीवर जा म्हणाली, देठांची लांबी बघायला."
"आधी कौतुक नाही केलं?"
मला धडा पाठ होता.
"कौतुक? म्हणाली, तू म्हातारी गाढवीण आहेस."
ती हसली, तिचं हेल्मेट माझ्या पाठीवर आपटलं.
मग बराच वेळ नुसतं इंजिन.
"मोजपट्टीवर पगार कमी असतो.
तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

उतरून तिनं भाडं पुढं केलं, डाव्या हातानं.
मी घेतलं. नसतं घेतलं
तर ती पुन्हा माझ्या गाडीवर बसली नसती.

घरी केरुबो नखांतला हिरवा रंग घासत होती.
पाठमोरीच म्हणाली,
"एक गोष्ट उद्या सांगायची राहिलीये."
"पगाराची?"
घासणं थांबलं. तिनं वळून पाहिलं नाही.

नंतर तिनं एक टोक माझ्या कानात घातलं.
साखरेच्या डब्यापाशी मास्तर कालपासून
तोंड अर्धं उघडं ठेवून उभाच होता.
तिनं बोट लावलं, त्याचं उरलेलं वाक्य पुरं झालं.
पहिला अर्धा भाग काय होता
ते आम्हा दोघांनाही आठवेना,
आणि मागं जाऊन ऐकण्याइतका
डेटा शिल्लक नव्हता.