पान एकोणीस

कॉलेजचं पत्र आलं डिसेंबरात,
सहा महिन्यांसाठी एक विद्यार्थी घ्याल का.
आमचा हर्णैचा बर्फाचा कारखाना.
पाणी ओतायचं, वाट बघायची, लादी काढायची,
ह्यात शिकवण्यासारखं काय?
तरी हो कळवलं.
कासमचाचांचे गुडघे गेलेले, हाताखाली कोणी हवं होतं,
आणि स्टायपेंड मजुरीपेक्षा स्वस्त पडतो
हा हिशेब मी आधीच करून ठेवलेला.

जानेवारीत आली. श्रावस्ती तांबे,
मेकॅनिकल, तिसरं वर्ष, मंडणगडच्या वरचं गाव.
पायात नवे बूट, हातात फूटपट्टी आणि वही.
पहिल्याच दिवशी अमोनियाने डोळे चुरचुरले तिचे
तर म्हणाली, "गळती कुठे आहे?"
इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.
आम्हाला वाटायचं, कारखान्याला असा वास असतोच.

कासमचाचा पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत.
मग एका रात्री कॉम्प्रेसर खोकला.
त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावलं, मूठ कानाला,
आणि मग ती मूठ तिच्यापुढे धरली:
"ऐक."
ती ऐकत राहिली. मी दारातून बघत होते.
सासऱ्यांनी मला नुसत्या चाव्या दिल्या होत्या.

नंतर तिने काय नाही मोजलं!
मिठाच्या पाण्याचा दाटपणा, क्रेनचे फेरे,
संध्याकाळच्या लिलावाला वाळूवर उभी राहून
फोडलेल्या लादीतली किती टोपलीत पोचते, किती पायांखाली जाते.
खलाशी हसायचे,
"मॅडम, बर्फाची पत्रिका मांडता काय?"
"मांडते की," म्हणायची, "जन्मवेळ सांगा."

जूनमध्ये बोटी वर ओढल्या आणि तिचा अहवाल सहीला आला.
पान एकोणीस, निरीक्षण चौथं:
*डबे वरून सरासरी सात सेंटिमीटर रिकामे भरले जातात.
दीडशे किलोची म्हणून विकलेली लादी
एकशे चाळीसची भरते. कारण समजलं नाही.*

कारण मला माहीत आहे.
वीजबिल दुप्पट आलं त्या वर्षी
मीच म्हटलं होतं, चार बोटं कमी भरा.
एका हंगामापुरतं.
त्याला आता नऊ वर्षं झाली.

"कासमचाचांना विचारलंस?"
"विचारलं. ते म्हणाले, बाईंना विचार."
"मग?"
ती बुटांकडे बघत राहिली. आता ते नवे नव्हते.

माझ्या शिक्क्याशिवाय तिचे सहा महिने पाण्यात.
पान काढ म्हटलं असतं तर तिने काढलं असतं का?
मी विचारलं नाही, तिनेही नाही.
दोघींनी एकेक प्रश्न गिळला
आणि पंखा तेवढा बोलत राहिला.

मग कॉलेजचा फॉर्म. वक्तशीरपणा, दहापैकी.
हाताखाली काम करण्याची तयारी, दहापैकी.
प्रामाणिकपणा, दहापैकी.
भराभर भरत गेले.
"मार्गदर्शकाची पात्रता" इथे पेन थांबलं.
रकाना लांबलचक होता, निदान इंजिनिअर मावेल एवढा.
मी लिहिलं: दहावी.
सही केली. एकोणिसाव्या पानावरही.

आता सगळे डबे अंगणात आडवे पडलेत.
मी आत हात घालून लाल रंगाची रेघ ओढते,
पाणी इथवर.
कासमचाचा पायरीवरून मोजतात. दोनशे बारा. दोनशे तेरा.
"दर वाढवावा लागेल."
"हो."
"पावसे बोंब मारेल."
"मारू दे. नऊ वर्षांची उधारी आहे त्याची."
हे मी मोठ्याने बोलले की मनात, आठवत नाही.
ते मोजायचे मात्र थांबले होते.

कॉलेजचं नवं पत्र आलंय,
यंदा दोन पाठवू का म्हणून.
उत्तर अजून दिलेलं नाही.
टेबलावर आहे ते पत्र, वाऱ्याने उडू नये म्हणून
वर ठेवलीय
ती विसरून गेलेली फूटपट्टी.