फणसाच्या वाटीला काय लावावं

पुण्याहून फोन : वाट्या चकचकीत हव्यात,
पण केमिकल नको,
पण टिकायला हव्यात,
आणि शुक्रवारपर्यंत.
मी हो म्हटलं.
हो म्हणायला पॉलिश लागत नाही.

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दुकान.
लेथच्या पट्ट्याखाली फणसाचा भुसा,
हळदीसारखा पिवळा,
संध्याकाळपर्यंत माझ्या भुवयांतही.
खिडकीशी एक फळी टांगलीय,
तिच्यावर आडवे पट्टे, पट्ट्यांखाली खडूने तारखा.
जे वाटीला लावायचं ते आधी फळीनं सोसायचं.

लाख.
फिरत्या लाकडावर कांडी टेकवली
की आपल्याच घासण्यानं वितळते.
मग केवड्याच्या पातीनं दाबायचं.
पात ओली असली तर डाग, सुकी असली तर ओरखडे,
परवा तोडलेली, एक दुपार उन्हात काढलेली पात हवी.
मग असा तजेला चढतो
की वाटीत आपलं नाक दिसतं, आणि नाकावरचा भुसाही.
पण त्यात कढत पेज ओतून बघा :
मोतीबिंदू उतरतो पांढरा.

खोबरेल पहिले पंधरा दिवस गोड.
सोळाव्या दिवशी फडताळातून
चतुर्थीला डब्यात विसरलेल्या करंजीचा वास.

उंडेल आणलं होडीवाल्या सुभान ताऱ्याकडून.
‘ह्येका लावलंस तर होडी पंधरा वर्सां टिकता,’ म्हणाला,
‘वाटयेचा काय ता तू बघ.’
बोट बुडवून जिभेला लावलं.
त्या रात्री सोलकढीही कडू लागली.

आणि काजूच्या टरफलाचं तेल?
त्याचं नाव बापूंसमोर काढायचं नाही.
डावा तळवा उघडून दाखवतात,
कातडी अजून नकाशासारखी.

गेल्या महिन्यात फिलोमिन आली,
मासळीची पाटी दारातच टेकवून.
नाण्यांसाठी वाटी नेली होती तिनं माझ्याकडून,
मी हौसेनं दिलेली, चार हात लाख चढवून.
आता लाख पोपडे धरून सुटलेली,
जशी पाठ सोलते उन्हात.
‘गो बाय, तुझ्या चकाकीक मीठ सोसना नाय,’
म्हणाली, आणि वाटी माझ्या मांडीवर पालथी घातली.
पाच रुपयांचं एक नाणं तळाला चिकटलेलं.
तेही मला ठेव म्हणाली, पॉलिशवालं आहे.

पुन्हा लेथवर चढवली.
काचपेपरखाली उरलीसुरली लाख उडाली
आणि आत दिसलं :
बांगड्याचं, पेडव्याचं, सौंदाळ्याचं तेल
लाकडात नखभर खोल उतरलेलं,
तळाशी नाण्यांची काळी वर्तुळं एकात एक,
धुऊन न जाणारी.
मी हिच्यावर आता काय लावू?
काहीच लावलं नाही.
परत दिली तशीच. ती म्हणाली, किती?
मी म्हटलं, काही नाही.
मग तिनं दोन सौंदाळे टाकलेच.
बाजारात तिची वाटी आता मांजरं चाटतात,
हिशेब चुकला की ती मांजरांना शिव्या देते.

आरोंद्याच्या नाईकांकडे नातवाचं उष्टावण.
त्या वाटीला मुठेल.
कोकमाच्या बियांचं, मुठीत वळून घट्ट झालेलं,
त्यावर कुणाच्यातरी बोटांचे चार खळगे.
ते थंड लाकडावर सरकत नाही.
आधी तळव्यात धरून बसायचं,
बोलायचं नाही, फोन उचलायचा नाही.
चकाकी अशी येत नाहीच.
ओल्या दगडावर ढग आल्यासारखं काहीतरी येतं.
दातही नसलेलं पोर ती काठावर चावणार,
चावू दे.

शुक्रवार. पुण्याच्या सहा वाट्या, लाखेच्याच,
वर्तमानपत्रात गुंडाळल्या.
त्यांना चकचकीत हवंय, आणि मला वीजबिल भरायचंय.
सोबत चिठ्ठी : ‘यात कढत काही ओतू नये.’
मग वाटलं, त्यांना कढत कळेल का,
खोडून ‘गरम’ लिहिलं.
पण गरम म्हणजे काहीच नाही, गरम तर हातही असतो.
पुन्हा खोडलं.
सहाही चिठ्ठ्यांवर तेवढ्या एका शब्दापाशी
शाईचा डाग.