एक तोळा आठ मासे

बसा, पायगुडे. पंखा तेवढा लावत नाही,
काटा हलतो.

रानरेड्याला कोणती, एवढंच विचारलंत.
आफ्रिकेत बंदूक भाड्याने मिळते म्हणता,
परवाना, जीप, माग काढणारा माणूस, सगळं पॅकेजात.
फक्त कॅलिबर तुमचं तुम्ही कळवायचं,
आणि गोळीचं वजन.
म्हणून बाणेरहून एवढ्या ट्रॅफिकमधून कॅम्पात आलात,
या शिकलगाराच्या दुकानात,
जिथे आता छर्‍याच्या बंदुका आहेत
आणि निवडणुकीआधी लोकांनी ठेवून गेलेल्या
बारा बोअरच्या नळ्या. धूळ माझी, नळ्या त्यांच्या.

आधी ही हातात घ्या.
थ्री-फिफ्टीन. आपल्या खडकीची.
दोनशे चव्वेचाळीस ग्रेन.
रानडुकराला पुरते. तुमच्या जनावराला
नाही पुरत.

ग्रेन म्हणजे काय, विचारा की. सगळे लाजतात.
जवाचा दाणा.
साहेबाने शिसं दाण्यांनी मोजलं,
आपल्या रविवार पेठेने सोनं गुंजांनी.
एका तोळ्यात एकशेऐंशी दाणे बसतात.
हा काटा तिथलाच, बुडालेल्या एका पेढीचा,
अब्बांनी सात रुपयांना आणला.

वेग विकणारे खूप भेटतील तुम्हाला.
हलकी गोळी, सरळ रेषेत जाते,
तीनशे यार्डांवर कागदाला बरोबर मधोमध भोक.
कागदाला बरगड्या नसतात, पायगुडे.

सदुसष्ट साल. बंदी यायला पाच वर्षं होती.
जगदेव कॉन्ट्रॅक्टरना कोयनेकडे गवा हवा होता.
हातात थर्टी-ओ-सिक्स, नवी कोरी,
आणि दुकानात शिल्लक एकच पेटी,
दीडशे ग्रेनची, हरणाची.
अब्बा म्हणाले, चालेल.

आमच्या घरात हा शब्द त्यानंतर कुणी वापरत नाही.
चहात साखर कमी असली तरी.

मी अकरा वर्षांचा. पाण्याची पिशवी माझ्याकडे.
पहिल्या दिवशी रक्त होतं, दुसर्‍या दिवशी नुसती वाकलेली कारवी.
जगदेव दुसर्‍या रात्री पुण्याला परतले,
कसलंसं टेंडर उघडायचं होतं.
तिसर्‍या सकाळी ओढ्याच्या वळणावर
तो उभा होता.
उभा होता हेच सांगतोय.
आमच्याकडे पाहिलं, आणि पाणी प्यायला खाली वाकला,
अब्बांनी ते पिऊ दिलं त्याला,
मग बारा बोअर उचलली.

खांद्याची कातडी त्यांनी स्वतः सोडवली.
चार बोटं आत, हाडाला टेकून,
गोळी झेंडूसारखी फुललेली.
रुमालात बांधून आणली, या काट्यावर ठेवली.
अठ्ठ्याऐंशी.
म्हणजे बासष्ट दाणे
तो अंगात घेऊन तीन दिवस चालत होता.

तर.
थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह.
गोळी तीनशे ग्रेनची, म्हणजे एक तोळा आठ मासे.
आतलं शिसं तांब्याला चिकटवलेलं असतं, ती घ्या,
पानं गळत नाहीत तिची.
जड, संथ,
वाटेत कुणाशी बोलायला न थांबणारी.
नेम लांबून धरू नका.
तुमचा माग काढणारा जिथे थांबेल
त्याच्याही दहा पावलं पुढे जा.
तिथून हात थरथरला
तर तेव्हाच परत फिरा, पैसे गेले तरी.

काय म्हणालात? खांद्याला लागते का?
लागते. आठवडाभर निळं राहतं.
बायकोला काय सांगायचं ते तुम्ही बघा.
पण लागावी, असं माझं मत आहे.

थांबा, बिलाच्या पाठीवर लिहून देतो,
फोनमधलं तुम्ही विसराल.
फी कसली, चहा सांगा समोरच्या इराण्याला,
दोन, माझा बिनसाखरेचा.

आणि परत याल तेव्हा
शिंगं, फोटो, ते मला नको.
गोळी सापडली तर आणा.
विमानतळावर विचारतील, कागद लागेल बहुतेक, बघा काही जमतंय का.
मी पंखा बंद ठेवीन.