साठ अंश

एकतीस वर्षं ट्रॉलरच्या पोटात
मी इंजिनाशी बोललो.
आता सुयांशी बोलतो.

धक्क्यावरची माणसं हसून घेतात:
काय रे हानुस, टोपी की मोजा?
पिशवी, मी म्हणतो.
एवढी? हिच्यात मेंढा मावेल शिंगांसकट.
मावू दे. अजून धुतलेली नाही.

विणताना ती नेहमी अवाढव्य असते,
ढगळ, पलीकडचा समुद्र दिसेल इतकी विरळ,
कुणी पाहिली तर लाज वाटावी.
गोल सुईवर नव्वद टाके,
सुलट, सुलट, नुसतं सुलट,
आणि एखादा सुटलाच तर मागे जायचं, उसवायचं.
लोकर कुरकुर करत नाही,
कुरळी होऊन परत येते हातात.
एवढी मुभा इंजिनानं मला कधी दिली नव्हती.

मग वॉशिंग मशीन. साठ अंश.
सोबतीला एक जुनी जीन
आणि उजव्या पायाचा रबरी बूट
(डावा समुद्रात गेला).
दोघं मिळून तिला बडवतात.
मी स्टूल ओढून काचेसमोर बसतो.
घरभर ओल्या मेंढीचा वास.
लोक टीव्ही बघतात, म्हणते माझी बहीण सुन्निवा.

चाळीस मिनिटांनी टाके कुठे गेले ते विचारू नये.
नमदा झालेला असतो,
जाड, गप्प, टेबलावर आपला आपण उभा राहणारा.
आता उसवणं नाही.
कात्री चालवली तरी धागा सुटत नाही.
उंचीला जास्त आटते, रुंदीला कमी;
आकड्यांसकट लिहून ठेवलंय वहीत.
सुन्निवानं ते वाचलं, आरशाकडे पाहिलं,
म्हणाली, आपलंही तसंच चाललंय की.

नाताळात बार्बानं कोपनहेगनहून लोकर पाठवली.
अंड्याच्या बलकासारखी पिवळी,
मांजराच्या पोटासारखी मऊ.
सोबत चिठ्ठी: बाबा, राखाडी आणि तपकिरी सोडून
काहीतरी विण ना.
वेष्टनावर बारीक अक्षरांत काही लिहिलं होतं.
चष्मा माडीवर होता.

मधोमध पट्टी घातली, बारा ओळींची.
साठ अंश. जीन. बूट.
बाहेर काढली तर राखाडी वरून खालून आवळून बसलेलं,
आणि पिवळी जशीच्या तशी,
फुगलेली, लाटालाटांची,
चुकून परक्याच्या लग्नात आल्यासारखी.
पुन्हा घातली.
पुन्हा घातली, नव्वद अंशांवर.
मशीनचं बेअरिंग वाजायला लागलं,
तो आवाज मी झोपेतही ओळखतो,
पण पट्टी ढिम्म.

मग माडीवर जाऊन चष्मा आणला.
यंत्रात खुशाल धुवा, लिहिलं होतं.
आटणार नाही याची हमी.

हमी!

रविवारी तिचा फोन आला. विणलीस का?
विणली.
कशी झाली?
खिडकीतून तोर्शाव्हनची फेरी वळताना दिसत होती,
उशिरानं, वाऱ्याला खांदा देत.
तुझी लोकर राहिली, मी म्हटलं. तशीच राहिली.
बरं झालं मग, म्हणाली,
आणि मेट्रोबद्दल, नव्या घराच्या भाड्याबद्दल बोलत सुटली,
दोन शब्द डॅनिश, एक आमचा.

फेकणार होतो.
बटाटे आणायला नेतो आता.
दुकानातली बिला मान तिरकी करते:
हे मधे काय झालंय हिला?
काही झालं नाही, मी म्हणतो. तेच तर.

रांगेत उभं असताना अंगठा आपोआप पिवळ्यावर जातो.
राखाडीत काही हाताला लागत नाही.
इथं एकेक टाका सापडतो,
हा, मग हा, मग हा,
पूर्ण फेरा नव्वद.
परवा एकोणनव्वद भरले.
बिला पैसे मागत होती,
मागे दोघंतिघं खोळंबले होते,
मी पुन्हा पहिल्यापासून.