उतारा

वळसंगला विहिरीत सुरुंग उडाला
आणि काळ्या फत्तराच्या पोटात पांढरं निघालं,
फुटक्या कवठात गर दिसावा तसं.
मलकारीनं ते ज्वारीच्या पिशवीत घातलं,
मोटरसायकलवरून थेट प्रयोगशाळेत आणलं.
‘ओ मॅडम, ह्ये गार हाय का हिरा?’
झिओलाइट, म्हटलं. तापला की घाम सोडणारा दगड.
‘म्हंजे आमच्यासारखाच की,’
म्हणाला, आणि प्यायला पाणी मागितलं.
नळाला अजून तीन दिवस होते.
माझ्या बाटलीतलं अर्धं दिलं.

दगडात खोल्या असतात.
खोल्यांना दारं, आणि दारांचं माप ठरलेलं:
एका केसाच्या जाडीत दीड लाख दारं
शेजारी शेजारी बसतील.
मावेल तोच रेणू आत जातो,
आतल्या आंबट भिंती त्याचं पाणी काढून घेतात
आणि तो दुसराच कुणी होऊन बाहेर येतो.

नानांना हे सांगताना मी फणी म्हणाले.
चाळीस वर्षं माग चालवून
त्यांचे कान खटखटीतच राहून गेलेत,
म्हणून बोटं फाकून दाखवली,
बोटांच्या मधून दोरा ओढून दाखवला.
फणीच्या एका घरातून चुकीची तार गेली
तर अख्खा टॉवेल बाद,
हे त्यांना कुणी शिकवायला नको.
मान हलली. मग तेलुगूत, फार मोठ्यानं:
‘विणून निघतं काय पण?’

निघतं ते फुरफुराल.
तुरीच्या शेंगा झोडपून झाल्यावर
ज्या तुराट्या बांधावर पेटवून देतात
त्यांच्यातली न लागणारी गोडी,
आम्लात उकळून, पाण्यात उतरवून,
एकशे सत्तर अंशांवर त्या दारांतून पाठवलेली.
आधी गवताच्या रंगाचं, वास कडू बदामाचा,
काचेत चार दिवस ठेवलं तर चहासारखं काळवंडतं.
त्यापासून राळ होते, ओतकामाची वाळू बांधायला,
विद्रावकं होतात, नशीब असेल तर इंधनही.
मलकारी नावालाच हसला.
‘फुरफुराल! घोडं पाळलंय का काय?’

घोडं अडतं ते तिसऱ्या खेपेला.
साखरेचे काही रेणू एकमेकांना चिकटतात,
काळा चिकटा होऊन दारातच बसतात,
ना आत, ना बाहेर.
पांढरी भुकटी कोळशासारखी होते.
मग तिला भट्टीत घालायचं, पाचशे पन्नास अंश,
हवा चालू, पाच तास,
काजळी जळून जाते, दारं उघडतात.
सगळी नाही. दर खेपेला थोडी
आतल्या आत ढासळतात. वहीत तेही लिहिते.

मंगळवारी चारशे ऐंशीला वीज गेली.
बाहेर त्रेचाळीस, भट्टीत आकडा उतरत चाललेला,
मी भिंतीला पाठ लावून बसले.
परत आली तेव्हा साडेसात वाजले होते
आणि सगळं पहिल्यापासून.

विकत आणलेल्या भुकटीनं त्रेसष्ट टक्के दिले,
भाजल्यावर अठ्ठावन्न.
मलकारीचा दगडही मी कुटला, धुतला,
त्याच्यातला चुना-सोडा आम्लानं काढला, लावून पाहिला.
दारं अरुंद निघाली त्याची.
तीनदा केलं. अकरा.

रात्री त्याचा फोन, मागे कॉम्प्रेसरची धडधड.
‘मॅडम, काय निघालं आपल्या दगडात?’
फार नाही, म्हटलं, लाजतच. अकरा टक्के.
पलीकडे धडधड बंद झाली.
‘अकराचा उतारा?’
मग कुणाला तरी ओरडून सांगितलं, अकरा, अकरा!
‘अवो, आमच्या कारखान्याला
साडेनऊच्या वर उतारा न्हाई पडला ह्या साली.
अजून दोन पोती देतो की पाठवून!’

मी नको म्हणणार होते.
वहीत अकरासमोर ‘अपुरे’ लिहिलं होतं,
पेन अजून हातात होतं.
‘एकच पाठवा,’ म्हटलं.