बिलाच्या पाठीवरचा नकाशा

"इथे बघण्यासारखं काय आहे?"
किल्ली हातात पडायच्या आधीच विचारतात सगळे.
मी जुन्या बिलबुकाचं पान फाडतो, उलटं करतो
आणि आधी समुद्र काढतो. तो सोपा,
एकच वाकडी रेघ, पलीकडे काही लिहावं लागत नाही.

मग आपलं हॉटेल : चौकोन, चार खोल्या, एक फणस.
फाटकातून डावीकडे पाणंद.
दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. गडग्यावर टेकू नका,
नाग नसतो, पण डोंगळे असतात.
पाणंद संपते तिथे रोझालिनचं घर.
पाटी नाही. दारात निळी बादली उपडी दिसली
तर तिसऱ्या मिळाल्यात असं समजायचं.
सुलटी असेल तर नुसती पेज, खारातली मिरची
आणि सुनेबद्दलची तक्रार.
दोन्ही दिवशी पोट भरतं.

प्यायला म्हणाल तर सोलकढी, लवूच्या खानावळीत,
पण बाराच्या आत. नंतर तो पाणी वाढवतो
आणि विचारलंत तर नारळावर ढकलतो.
मार्चात आलात म्हणून हळूच सांगतो,
बोंडवांचा वास येईल त्या दिशेने चालत राहा.
उर्राक कोण काढतं ते मला ठाऊक नाही.
त्याला माझं नाव सांगा.

होडी सकाळी सातला सुटते. म्हणजे तांडेल म्हणतो सातला,
भरती काय म्हणते ते खरं.
पलीकडे सडा. सड्यावर जांभ्यात कोरलेलं एक चित्र,
कोणी म्हणतं मासा, कोणी म्हणतं बाई.
ठाण्याचे एक साहेब त्याच्यावर आडवे झोपले
आणि उठून म्हणाले, माझ्याच मापाचं आहे.

चौदा वर्षं हाच नकाशा. हात आपोआप चालतो.
मी स्वतः रोझालिनकडे कधी जेवलो नाही.
गावातल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून वाढणार कोण,
आणि पैसे घेणार कोण?

गेल्या आठवड्यात तीन नंबरातल्या हुपरेबाई गेल्या.
इचलकरंजीच्या, एकट्या, चहा बिनसाखरेचा.
नकाशा उशीखाली विसरल्या.
त्यावर कढीचा डाग, होडीपाशी बरोबरची खूण,
सड्यावर फुली आणि पुढे "गुडघा".
आणि पाणंद नि साकव यांच्या मधे,
जिथे मी काहीच काढलं नव्हतं,
बारीक अक्षरात :
"इथे काही नाही. दोन तास बसले."

दुपारी फोन स्वयंपाक्याच्या पोराकडे देऊन मी निघालो.
साकवाखाली व्हाळ आटलेला. एक करंज.
पसाभर पाण्याचं डबकं,
त्यात एक कुर्ली, बाहेर यावं की नको ठरवत असलेली.
लांब कुणाच्या तरी बागेत पंप सुरू होई, बंद पडे.
एवढंच. नाही, एवढंही नाही.
दोन तास जमले नाहीत मला. वीस मिनिटं.
तेवढ्यात तीनदा खिसा चाचपला, फोनसाठी.

परतताना रोझालिनची बादली उपडी होती.
सून ओटीवर सुपात काहीतरी पाखडत होती.
मान वर न करता म्हणाली, "किती जणां येतत?"
तिला वाटलं, नेहमीसारखा निरोप.
"एकच," मी म्हटलं, आणि चपला काढल्या.

तिसऱ्यांत वाळू होती थोडी.
ते नकाशावर लिहिणार नाही.